हिपचा नवीन स्क्रू: पुल-आउट टेस्ट केली, आता पुढे काय?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना समजावं म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही चौघं मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, शिरपूरकडचे. खुब्याच्या फ्रॅक्चरसाठी ८ मिमीचा लॅग स्क्रू (मोडलेले दोन तुकडे ओढून जवळ आणणारा) डिझाइन केलाय, आटे नेहमीपेक्षा जवळजवळ आणि जरा खोल घेतलेत, एमआयडीसीत लेथवर तीन नग करून घेतले, कॉलेजच्या यूटीएमवर (ओढून-दाबून ताकद मोजायचं मशीन) पीयू फोममधून, म्हणजे हाडाऐवजी वापरतात त्या पॉलियुरेथेनच्या ठोकळ्यातून, ओढून बघितले तर बाजारातल्या स्क्रूपेक्षा जास्त जोर लागला. आणि आता विचारताय की यावर "आमचा स्क्रू जास्त मजबूत" असं लिहिता येईल का, खऱ्या हाडावर टेस्ट करायची तर हाड आणायचं कुठून, आणि ओळखीचे एक डॉक्टर एखाद्या पेशंटला टाकून बघायला तयार आहेत तर द्यावा का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, नाही. अजिबात देऊ नका, कितीही ओळखीचे असले तरी. कारण खाली सांगतोच.

मी ऑर्थोपेडिक सर्जन, प्रॅक्टिस जळगाव जिल्ह्यात, आणि इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर इम्प्लांट टेस्टिंगचं काम बरीच वर्षं करतोय, त्यामुळे दोन्ही बाजू रोज दिसतात. तुमची मेहनत खरी आहे आणि आपल्या भागातली पोरं या विषयात हात घालतायत याचा मला मनापासून आनंद आहे, म्हणूनच जरा सविस्तर लिहितोय.

मुळात तुमचा प्रश्न "किती जोर लागला" असा नाहीये, प्रश्न असा आहे की हा स्क्रू पेशंटच्या हाडात निकामी कसा होतो, आणि तुमची टेस्ट तीच गोष्ट मोजते का. ट्रोकँटरच्या (मांडीच्या हाडाच्या मानेखालचा उंचवटा) फ्रॅक्चरमध्ये पीएफएन (हाडाच्या पोकळीतली सळई आणि स्क्रू) किंवा डीएचएस (बाहेरून प्लेट आणि सरकणारा स्क्रू) बसवलेल्या म्हाताऱ्या माणसाचा सहा आठवड्यांचा एक्स-रे जेव्हा बिघडलेला येतो तेव्हा त्यात स्क्रू मागे उपसून आलेला क्वचितच असतो. दिसतं असं की मांडीच्या हाडाचा वरचा गोळा, ज्याला आम्ही हेड म्हणतो, तो आतल्या बाजूला खाली झुकलाय, हेडखालच्या हाडाच्या मानेचा कोन कमी झालाय, आणि स्क्रूचं टोक हेडच्या वरच्या भागातून हाड कापत सांध्याकडे निघालंय. याला कट-आउट म्हणतात. पेशंटची तक्रार एवढीच असते की आधी वॉकरवर चालत होते, आता पाय टेकवत नाही.

आता जोराची दिशा बघा. उभं राहिल्यावर, चालताना खुब्याचा जोर हेडवर वरून खाली आणि जरा बाहेरच्या बाजूला येतो. लॅग स्क्रू तिरका बसलेला, डीएचएसच्या प्लेटचा कोन नेहमी १३५ अंशाच्या आसपास. म्हणजे त्या जोराचा जो भाग स्क्रूच्या लांबीवर येतो तो हेडला स्क्रूवर *दाबतो*, ओढत नाही. उरलेला भाग स्क्रूला आडवा येतो आणि मऊ हाडात तो वरखाली हेलकावे खातो, शिवाय हेड स्क्रूभोवती थोडं थोडं फिरतं. गोठ्यातला खुंटा उपटताना आपण काय करतो, सरळ वर ओढत बसत नाही, आधी चारी बाजूंनी हलवून भोक मोठं करतो, मग तो हाताने निघतो. तुम्ही खुंटा सरळ वर ओढून मोजलाय. पेशंटच्या हेडमध्ये मात्र तो दिवसभर हलवला जातो.

म्हणून पुल-आउट फालतू आहे असं मी म्हणत नाही. ऑपरेशन टेबलवर फ्रॅक्चरची फट बंद करायला आम्ही स्क्रूने हेड ओढून घेतो, तेव्हा आट्यांची पकडच कामाला येते, आणि पोकळ हाडात ती पकड सुटली की स्क्रू नुसता गरगर फिरतो, हाताला लगेच कळतं. तेवढ्यापुरती तुमची टेस्ट बरोबर आहे. एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या अमेरिकन संस्थेचं एफ५४३ हे हाडाच्या स्क्रूचं स्टँडर्ड आहे, त्यात पुल-आउट आहेच, मिनिटाला ५ मिमी वेगाने ओढायचं, पण त्याच स्टँडर्डमध्ये पिळून तुटण्याची टेस्ट आहे, बसवताना-काढताना किती टॉर्क लागतो तेही आहे. तुम्ही चारातली एकच केलीय.

तुमचा आकडा जास्त का आला तेही सांगतो, कारण ते फॉर्म्युल्यातून आधीच कळतं. पुल-आउटचा जोर = मटेरियलची (इथे फोमची) शिअर स्ट्रेंग्थ, म्हणजे कातरलं जाण्याविरुद्धची ताकद × आट्याच्या बाहेरच्या व्यासाच्या सिलिंडरचं क्षेत्रफळ × थ्रेड शेप फॅक्टर, आणि तो फॅक्टर म्हणजे ०.५ + ०.५७७ × (आट्याची खोली ÷ पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर). सगळ्यांच्या ओळखीचा ६.५ मिमीचा कॅन्सेलस (आतल्या जाळीदार हाडासाठीचा) स्क्रू घ्या: बाहेरचा व्यास ६.५, आतला दांडा ३, पिच २.७५. खोली झाली १.७५, फॅक्टर साधारण ०.८७. आता नुसता पिच २ वर आणा, फॅक्टर १ च्या जरा वर जातो. म्हणजे काहीही नवीन न शोधता कागदावर पुल-आउट १६ टक्क्यांच्या आसपास वाढला. तुम्हीही पिच कमी केलाय, खोली वाढवलीय, मग आकडा वाढणारच होता. परीक्षक जाणकार असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल, तयार राहा.

आणि त्याची किंमत कुठे मोजावी लागते बघा. आटे खोल केले म्हणजे आतला दांडा बारीक झाला. दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनात बदलते, ताठपणा चौथ्या घातात. वरच्याच स्क्रूचा दांडा ३ ऐवजी ३.५ केला असता तर ताकद दीडपटीच्या वर आणि ताठपणा पावणेदोन पटीच्या वर गेला असता. तुम्ही उलट दिशेने गेलात. त्यात गाइड वायरसाठी मधून भोक असेल तर अजून कमी. पुल-आउट टेस्टमध्ये हे दिसणारच नाही, कारण तिथे फोम तुटतो, स्क्रू नाही.

फोमबद्दल. तुम्ही २० नंबरचा फोम वापरला असं लिहिलंय, म्हणजे घनफुटाला २० पाउंड, ०.३२ ग्रॅम प्रति घन सेंमी. ज्यांचा खुबा मोडतो त्यातले बहुतेक सत्तरीच्या पुढचे, मोरीत पाय घसरला, रात्री लघवीला उठले आणि ओट्यावरून पडले, हाड आतून जाळीसारखं झालेलं. त्यांच्यासाठी १० नंबर (०.१६) घ्यायला हवा, आणि फारच पोकळ हाड दाखवायचं तर ५ नंबर. घनता निम्मी झाली की फोमची शिअर स्ट्रेंग्थ निम्म्याहूनही खाली जाते, सरळ प्रमाणात उतरत नाही, म्हणून २० मध्ये जिंकलेलं डिझाइन १० मध्ये जिंकेलच असं नाही. जवळजवळ आटे घट्ट फोममध्ये छान धरतात, पण पोकळ हाडात दोन आट्यांच्या मध्ये धरायला पुरेसं हाडच उरत नाही, त्याचा चुरा होतो. हे तुमच्या डिझाइनला नेमकं लागू आहे, म्हणून दोन्ही फोमवर करा. आणि निकाल उलटा आला तरी लिहा, तोच तुमच्या प्रोजेक्टचा सगळ्यात कामाचा भाग ठरेल.

आता खरी टेस्ट. हेडच्या जागी फोमचा गोळा करा. व्यास परदेशी मॉडेलवरून उचलू नका, आपल्याकडे बायपोलर (कृत्रिम हेड) बसवताना बायकांमध्ये बहुतेक वेळा चाळीस-पंचेचाळीस मिमीच्या घरातले साइझ लागतात. स्क्रू एका बाजूने पक्का धरा, खऱ्या कोनात तिरका, वरून कपसारख्या तुकड्यातून लोड द्या, आणि मुख्य म्हणजे गोळ्याला स्क्रूभोवती फिरायला मोकळीक ठेवा. बरीच पोरं फिक्स्चर (नमुना धरून ठेवायची पकड) इतकं घट्ट करतात की गोळा फिरूच शकत नाही, मग सगळेच स्क्रू पास होतात. लोड किती? बर्लिनच्या बर्गमान यांच्या टीमने सेन्सर बसवलेले कृत्रिम खुबे पेशंटमध्ये टाकून मोजलंय, २००१ मध्ये छापून आलं: साध्या चालण्यात खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सरासरी २३८ टक्के जोर, जिना चढताना २५१, उतरताना २६०. ६० किलोच्या माणसाला चालताना साधारण १४०० न्यूटन, ४५ किलोच्या आजीला हजाराच्या जरा वर. तेव्हा हजार ते दीड हजारात सुरुवात करा.

हा लोड एकदा देऊन थांबायचं नाही, परत परत द्यायचा. सेकंदाला दोन वेळा या वेगाने १०,००० सायकल दीड तासाच्या आत होतात, १ लाख करायच्या तर चौदा तास मशीन चालू ठेवावं लागतं. वेग याहून फार वाढवू नका, फोम गरम होऊन वेगळाच वागतो. फ्रॅक्चर जुळायला तीन महिने धरले तर १०,००० म्हणजे फक्त सुरुवातीचा काळ, त्यामुळे दुसरी पद्धत अशी की लोड टप्प्याटप्प्याने वाढवत न्यायचा, निकामी होईपर्यंत. कुठली घ्यायची हे तुमच्याकडे मशीन कुठलं आहे यावर आहे. साध्या यूटीएमवर सायक्लिक (परत परत लोड देण्याची) टेस्ट नीट होत नाही, त्यासाठीचं फटीग मशीन लागतं. आपल्या भागात नसेल तर पुण्याच्या सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजात किंवा मुंबईच्या आयआयटीतल्या बेटिक या केंद्रात विचारा, वैद्यकीय उपकरणांवर तिथे काम चालतं. गाइड सरांचं पत्र जोडून, नेमकी टेस्ट लिहून मेल करा, "मदत करा" एवढंच लिहू नका.

निकामी झालं हे कधी म्हणायचं ते आधी ठरवून लिहून ठेवा. उदाहरणार्थ गोळा ५ अंश झुकला किंवा १० अंश फिरला की फेल. नंतर ग्राफ बघून ठरवलं तर आपल्याला हवं तसं ठरतं, माणसाचा स्वभाव आहे. आणि टेस्ट झाली की गोळा करवतीने मधून उभा कापा. फेल झालेल्या गोळ्यात स्क्रूचं भोक गोल राहिलेलं नसतं, वरच्या बाजूला लांबट झालेलं असतं, त्या खाचेत फोमचा भुसा दाबून बसलेला, आणि आट्यांच्या मधल्या जागा भुशाने भरून स्क्रू जवळपास गुळगुळीत दिसतो. हे दोन्ही डिझाइनचे फोटो शेजारी शेजारी ठेवा. एका ग्राफपेक्षा त्या फोटोतून डॉक्टरला जास्त कळतं.

स्क्रू कुठे बसलाय हा मुद्दा तर डिझाइनच्याही वरचा आहे. १९९५ साली बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी टिप-अॅपेक्स डिस्टन्स मांडलं, म्हणजे समोरच्या आणि बाजूच्या दोन्ही एक्स-रेत स्क्रूचं टोक हेडच्या माथ्यापासून किती लांब आहे त्याची बेरीज. त्यांच्या १९८ फ्रॅक्चरमध्ये ही बेरीज २५ मिमी किंवा कमी असलेल्या १२० स्क्रूंपैकी एकही कट-आउट झाला नाही. तेव्हापासून आम्ही सगळे २५ च्या आत राहायची धडपड करतो. तुमच्या टेस्टसाठी याचा अर्थ दोन गोष्टी: एक, दोन्ही स्क्रू गोळ्यात अगदी एकाच खोलीवर आणि मध्यावर बसले पाहिजेत, नाहीतर तुम्ही डिझाइन मोजत नाही, जागा मोजताय. आणि दुसरी, जी कुणी करत नाही आणि मला फार महत्त्वाची वाटते, मुद्दाम थोडा वर सरकवून चुकीच्या जागी बसवलेल्या स्क्रूची वेगळी टेस्ट करा. मोठ्या शहरात चांगला सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं यंत्र), पाय ओढून धरणारं चांगलं ट्रॅक्शन टेबल असतं. तालुक्याच्या ठिकाणी रात्री अकराला केस घेतली, सी-आर्मच्या चित्रात बाजूचा (लॅटरल) व्ह्यू धूसर, पेशंट जाड, तिथे स्क्रू दर वेळी मध्यावर जात नाही. जो स्क्रू चार-पाच मिमीची चूक पोटात घेतो तो आमच्यासाठी जास्त चांगला, मध्यावर बसवल्यावर मिळणारे जास्तीचे शंभर न्यूटन त्यापुढे काहीच नाहीत.

तुलनेच्या स्क्रूबद्दल एक अडचण आहे. तुमचा लेथवरचा, बाजारातला कंपनीचा. मटेरियल वेगळं, फिनिश वेगळं, टोकाची धार वेगळी. टायटॅनियम अलॉय स्टीलच्या जवळपास निम्म्याने ताठ असतो, सायक्लिक टेस्टमध्ये हा फरक उठून दिसणार आणि तुम्ही म्हणणार आट्यांमुळे. म्हणून त्याच लेथवर, त्याच गजातून, जुन्या आट्यांचाही स्क्रू करून घ्या आणि त्याच्याशी तुलना करा. कंपनीचा तिसरा म्हणून ठेवा. आणि तीन-तीन नग कमी आहेत, प्रत्येक प्रकारात निदान सहा-आठ तरी हवेत, नेमके किती ते पहिल्या काही टेस्टमध्ये आकडे किती पसरतात यावर ठरतं, स्टॅटिस्टिक्सच्या सरांना तो पसारा दाखवा. एकाच ब्लॉकमध्ये जवळजवळ पाच भोकं पाडून पाच नमुने म्हणू नका. आज सगळे जुने आणि उद्या सगळे नवे असंही करू नका, चिठ्ठी काढून क्रम ठरवा.

हाडाचं. खाटकाकडून बकरीचं किंवा म्हशीचं हाड आणायचं बऱ्याच जणांना सुचतं. ड्रिलचा हात बसायला ठीक, पण ते तरुण, घट्ट हाड, आपल्या पेशंटच्या हाडाशी काही संबंध नाही. विकत मिळणारं कॉम्पोझिट हाड महाग, आणि नेहमीची मॉडेल्स निरोगी हाडाच्या गुणधर्मांवर बेतलेली असतात. मेडिकल कॉलेजच्या अॅनॅटॉमी विभागात देह असतात पण ते फॉर्मॅलिनमधले, त्याने हाडाचा स्वभाव बदलतो, ते ठिसूळ होतं. फ्रेश फ्रोझन हाडं, एकाच देहाची डावी-उजवी जोडी, एका बाजूला जुना स्क्रू आणि दुसऱ्या बाजूला नवा, हे सगळ्यात उत्तम, पण तुमच्या वर्षभराच्या प्रोजेक्टमध्ये ते जमणं अवघड.

एक मार्ग मात्र आहे. मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरमध्ये बायपोलर करताना आम्ही पेशंटचं हेड काढून टाकतो. जळगाव-धुळ्यात हे ऑपरेशन नेहमीचं आहे, आणि ते हेड पिवळ्या पिशवीतून बायोमेडिकल वेस्टमध्ये जातं. ते नेमकं तेच हाड आहे जे तुम्हाला हवंय: वयस्कर, पोकळ, खुबा मोडलेल्या माणसाचं. पेशंटची लेखी संमती, हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीची मंजुरी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, आणि उणे २० ला फ्रीझर, एवढं असेल तर यावर कट-आउटची टेस्ट होऊ शकते. दोन हेड सारखी कधीच नसतात म्हणून प्रत्येकाची घनता आधी मोजून जोड्या लावाव्या लागतात. हातमोजे, चष्मा, वेगळी करवत, नंतरची विल्हेवाट हे सगळं मेडिकलच्या माणसाच्या देखरेखीखालीच, तुमच्या वर्कशॉपच्या टेबलवर नाही.

आता पेशंटचा मुद्दा. समजा वरच्या सगळ्या टेस्टमध्ये तुमचा स्क्रू पुढे राहिला, तरी पेशंटला फायदा होईल हे ठरत नाही. त्याच मांडीच्या हाडाच्या मानेच्या फ्रॅक्चरचं उदाहरण देतो. स्लायडिंग हिप स्क्रू (म्हणजे डीएचएसच) हा सुट्या कॅन्सेलस स्क्रूंपेक्षा मजबूत, असं लॅबमधल्या कितीतरी टेस्ट सांगत होत्या. मग २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात या दोघांची पेशंटमध्ये तुलना करणारी फेथ ट्रायल आली, हजारावर पेशंट, आणि दोन वर्षांत परत ऑपरेशन लागण्याचं प्रमाण स्लायडिंग हिप स्क्रूमध्ये २० टक्के, सुट्या स्क्रूंमध्ये २२, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही, उलट रक्त न पोहोचून हेड सुकण्याचं प्रमाण स्लायडिंग हिप स्क्रूमध्ये जास्त, ९ विरुद्ध ५ टक्के. फोमला रक्तपुरवठा नसतो, त्यामुळे हे कुठल्याही मशीनवर दिसलं नसतं.

म्हणून लॅबमधल्या टेस्टचा उपयोग वाईट डिझाइन लवकर बाद करायला, चांगलं सिद्ध करायला पेशंटचाच अभ्यास लागतो, आणि तो कायद्याने. मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, नवीन इम्प्लांट माणसात वापरून बघायचं तर केंद्राच्या औषध नियंत्रकांची परवानगी आणि एथिक्स कमिटी दोन्ही हवं. लेथवरचा गज इम्प्लांट ग्रेडचा आहे का, त्यावर पॅसिव्हेशन (गंज रोखणारी पृष्ठभागाची प्रक्रिया) झालं का, स्टरिलायझेशन, जैविक टेस्ट, यातलं काहीच झालेलं नाही. उद्या तो तुटला तर ती आजी परत ऑपरेशनला जाईल, आणि त्या वयात दुसरं ऑपरेशन पेलत नाही. तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांना माझं हे उत्तर दाखवा, वाटल्यास मला फोन करू द्या, मी बोलेन त्यांच्याशी.

तुमच्या रिपोर्टमध्ये आत्ता एवढं वाक्य बिनधास्त लिहा: "२० नंबरच्या फोममध्ये, सरळ ओढल्यावर, आमच्या आट्यांना जास्त जोर लागला." त्याच्या पुढे "म्हणून हिप फ्रॅक्चरसाठी चांगला" हे जोडू नका. या सेमिस्टरला १० नंबरचा फोम, त्याच गजातला जुना डिझाइन आणि टॉर्क एवढं तुमच्या कॉलेजातच होईल. गोळा झुकवायच्या-फिरवायच्या टेस्टचं फिक्स्चर पुढच्या सेमला घ्या, ड्रॉइंग झालं की इथे टाका, गोळा मोकळा फिरतोय का आणि लोड कुठल्या कोनात येतोय ते बघून सांगतो. पेशंटच्या काढलेल्या हेडवर टेस्ट करायचं पक्कं असेल तर मात्र एथिक्स कमिटीचा अर्ज आत्ताच द्या, मीटिंग दर महिन्याला होतेच असं नाही, आणि अर्जात "ऑपरेशनमध्ये उपचाराचा भाग म्हणून निघालेलं हेड, त्यासाठी वेगळं काहीही कापलं जाणार नाही" हे स्पष्ट लिहा, कमिटी सगळ्यात आधी तेच विचारते.